देवळाचं छप्पर: प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते जुलै २०२५

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

देवळात गावबैठक. पाचही वाड्यांचे मिळून बेचाळीस जण, त्यात आम्ही बायका सात. विषय एकच: सभामंडप ठेवायचा की पाडायचा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगाने आत शिरलं आणि आपल्या दापोली-मंडणगडकडे एका दुपारीत काय झालं, ते इथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. सभामंडपाचं उत्तरेकडचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, अर्धं उघडं पडलं. त्यावर तात्पुरते म्हणून पत्रे ठोकले. साडेचार वर्षं झाली, पत्रे तिथेच आहेत आणि त्यांच्याखालचे वासे काळे पडलेत.

गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने आराखडा पाठवला होता. जुना मंडप पूर्ण उतरवायचा, आरसीसी खांब, वर स्लॅब, मधोमध घुमट, खाली ग्रॅनाइट. अंदाज २८ लाख. चित्र रंगीत होतं, सगळ्यांच्या हातांतून फिरलं. आमच्या वारसा गटाचं म्हणणं मी मांडलं: गाभारा दगडी आहे, त्याला काही झालेलं नाही. मंडपाचं सागवान शंभर वर्षांहून जुनं आहे, त्यातलं किती चांगलं आणि किती वाईट हे कुणी अजून तपासलेलंच नाही. आधी तपासू द्या.

वरच्या वाडीतले आजोबा म्हणाले, "सूनबाई, लाकूड चांगलं असेल गो. पण दर वर्षी कौलं नीट करायला, शाकारणीला, वर चढणार कोण? पोरं मुंबईत, पुण्यात. माकडं रोज कौलं हलवतात. स्लॅबवर माकड नाचलं तरी काय बिघडतंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते तसंच सांगितलं. बैठकीत ठरलं ते एवढंच, की शिमग्यापर्यंत कुणी काही पाडायचं नाही आणि तोवर गटाने पाहणी करून कागदावर आणायची.

८ डिसेंबर, रविवार

मोजमाप. साहित्य: दोन टेप, ओळंबा, पातळी बघायला पाण्याची नळी, टोचणी, बॅटरी, आलेखाची वही. माणसं सहा. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत.

सभामंडप आतून ३८ फूट लांब, २४ फूट रुंद. खांब बारा, सहा-सहाच्या दोन ओळी. खांबांवर तुळया, तुळयांवर उभे खुंट, त्यावर आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड. प्रत्येक पाख्याला सतरा वासे. खांब आणि तुळई यांच्या कोनात नक्षीचे हस्त, म्हणजे आधाराचे तुकडे, आहेत. चोवीसपैकी एकवीस जागेवर, दोन देवळाच्या अडगळीत सापडले, एक गेला.

टोचणी प्रत्येक लाकडाला दर हातभर अंतरावर लावून बघितली. दक्षिणेकडचे वासे ठणठणीत, टोचणीचं टोक शिरत नाही. उत्तरेकडे पत्र्याखालचे सात वासे वळचणीच्या बाजूला दोन-अडीच फूट गेलेत, वर मात्र शाबूत. आढं उत्तम. तुळयांपैकी एकीवर वाळवीची वाट दिसते, पण ती वरवरची.

वाईट बातमी खाली होती. पाच खांबांचे पाय पोकळ. सुतारमामांनी बोटाने टकटक केलं आणि आवाजावरून सांगितलं. कारण शोधायला वेळ लागला नाही. वीसेक वर्षांपूर्वी गावाने हौसेने फरशी घातली, तेव्हा काँक्रीट थेट खांबांना भिडवलं. मूळचे खांब जमिनीत पुरलेले नव्हते, दगडी तळखड्यांवर उभे होते. जमिनीतली ओल तळखड्यापाशी थांबायची, लाकडाला वारा लागायचा. काँक्रीटने तळखडे गाडले आणि लाकडाचा पाय ओल्या भांड्यात ठेवल्यासारखा झाला. ती फरशी घालताना माझे सासरेही श्रमदानाला होते. कुणाला दोष देण्यासारखं यात नाही. देऊळ सुंदर व्हावं म्हणूनच केलं होतं सगळ्यांनी.

२२ डिसेंबर, रविवार

चौघं जण राजापूर तालुक्यात कशेळीला जाऊन आलो. कनकादित्याच्या मंदिरातलं लाकडी कोरीवकाम सुतारमामांना बघायचं होतं. मामा तासभर मान वर करून उभे होते. त्यांनी फोटो काढायला सांगितले ते मूर्तींचे नाहीत, लाकडाला लाकूड जिथे मिळतं त्या सांध्यांचे.

येताना सड्यावरचं कातळशिल्प पाहिलं. जांभ्यात कोरलेला हत्ती, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. जवळ उभं राहिलं की नुसत्या खाचा दिसतात, चार पावलं मागे सरलं की सोंड कळते. त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

परतीच्या गाडीत बोलणं जांभ्यावर आलं. ताजा काढलेला चिरा कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागली की कठीण होतो, हे आपल्याकडे प्रत्येक गवंड्याला ठाऊक असतं. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने केरळात अंगाडिपुरमला हेच पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात विटेच्या लॅटिन शब्दावरून या दगडाला लॅटराइट नाव दिलं. आपल्या देवळाचं जोतं त्याच दगडाचं आहे, आणि त्यावर आपण सिमेंटचा गिलावा मारून ठेवलाय. जांभा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. वर सिमेंट असेल तर सोडायला वाट राहत नाही, मग दगडाचा पृष्ठभागच पापुद्र्यांनी सुटतो. दक्षिणेच्या कोपऱ्यात तसंच झालंय. गिलावा ठोकला की पोकळ वाजतो आणि मागे लाल माती.

१२ जानेवारी २०२५, रविवार

मुंबई मंडळाची बैठक. मी आणि सुतारमामा रात्रीच्या गाडीने गेलो. मामा मुंबईला सोळा वर्षांनी जात होते. पिशवीत त्यांनी वाशाचा एक तुकडा घेतला होता, पत्र्याखालच्या कुजक्या वाशाचं सुटलेलं टोक.

हॉलमध्ये साठेक माणसं. अध्यक्षांनी आम्हाला आधी बोलू दिलं, हे इथे लिहून ठेवायला हवं. मी आलेख दाखवले. एकूण लाकडापैकी साधारण पाचवा हिस्सा बदलावा लागेल, खर्च ११ लाखांच्या आसपास. मागून आवाज आला, "एवढा खर्च करून पुन्हा जुनंच?" दुसऱ्याने विचारलं, "बाजूच्या गावाचं देऊळ बघा, कसं लखलखतं."

मामांनी तुकडा टेबलावर ठेवला. वरून काळा, भुसभुशीत. करवत मागितली, हॉलच्या रखवालदाराकडे निघाली. टोकापासून चार इंचांवर कापलं. आत सोनेरी सागवान, आणि शंभर वर्षांनी त्याला वास आला. तुकडा ओळीने सगळ्यांच्या नाकाखालून गेला. नंतरच्या चर्चेचा सूर वेगळा होता, हे मला तिथे बसून कळत होतं.

स्लॅब बिनत्रासाचा असतो, या समजाबद्दलही बोललो. आपली हवा खारी आहे. खाऱ्या ओलाव्याने सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट खालून फोडते. समुद्राजवळच्या गावात वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतींच्या स्लॅबखाली उघड्या सळया कुणी पाहिल्या नाहीत? आणि कुजलेला वासा एकटा काढून बदलता येतो. स्लॅबचा तेवढाच भाग तसा बदलता येत नाही.

आजोबांचा प्रश्न इथेही आलाच: वर चढणार कोण? या वेळी आम्ही तयारीने गेलो होतो. पाच वाड्या, दर वर्षी एक वाडी, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी शाकारणी. ज्या वाडीची पाळी तिच्या मुंबईकरांनी त्या वेळी चार माणसं तरी पाठवायची. नाही जमलं तर मजुरीचे पैसे भरायचे. त्यावर बराच वेळ गेला आणि शेवटी मान्य झालं.

अध्यक्षांच्या दोन अटी: १२ लाखांच्या वर एक रुपया मिळणार नाही, आणि पावसाच्या आत देवळावर छप्पर हवं. "आणि देवीला विचारल्याशिवाय माझी सही नाही." तो आमचाही आग्रह होता.

२ फेब्रुवारी, रविवार

देवीला कौल लावला. गुरवकाकांनी सोवळ्यात गाऱ्हाणं घातलं, ते पूर्ण इथे लिहीत नाही, ते देवीसमोर बोललेलं आहे. मूर्तीवर कळे, म्हणजे कळ्या, लावले. प्रश्न असा होता: छप्पर उतरवून, लाकूड दुरुस्त करून, पुन्हा तसंच उभारायला आज्ञा आहे का? पंधरा-वीस मिनिटं कुणी हललं नाही. मग उजवा कळा पडला, म्हणजे होकार मिळाला.

विश्वस्तांचा ठराव त्याच दुपारी लिहिला. सार्वजनिक न्यास असल्याने धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडचे कागद खजिनदारांनी घेतलेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

चुन्याचा खड्डा. देवळामागे सहा बाय चार फूट, तीन फूट खोल, आतून चिऱ्यांनी बांधला. भाजलेला चुना टाकून पाणी सोडलं तेव्हा खड्डा उकळायला लागला. मुलांना लांब उभं केलं होतं. डोळ्यात थेंब गेला तर डोळा जातो.

खालच्या वाडीतले म्हातारे गवंडी, ज्यांनी तरुणपणी चुन्यात काम केलंय, ते आता काठीशिवाय चालत नाहीत. त्यांना खुर्चीवर बसवून आणलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या त्या तशाच लिहिते. चुना जेवढा जास्त दिवस पाण्याखाली राहील तेवढा लोण्यासारखा होतो. वाळू समुद्राची घेऊ नका, मीठ असतं, खाडीच्या वरच्या अंगाची गोड्या पाण्याची घ्या. आणि गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी घालायचं ते मळताना, खड्ड्यात नाही. गिलावा लावल्यावर गोणपाट भिजवून दहा-बारा दिवस त्यावर ठेवायचं. चुना सिमेंटसारखा एका रात्रीत घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून सावकाश दगड होतो, म्हणून त्याला घाई चालत नाही.

दोन तरुण गवंडी त्यांच्या पायाशी बसून ऐकत होते. एकाने मोबाइलवर सगळं टिपलं.

१४ मार्च, शुक्रवार

काल होळी. काम बंद. पालखी घरोघर फिरणार, गाव भरलेलं आहे. या शिमग्यात चाकरमानी मंडपात जरा जास्त वेळ थांबून वर बघताना दिसले.

२ एप्रिल, बुधवार

पाडवा झाला, पालखी गाभाऱ्यात विसावली. गाभाऱ्याचं दार ताडपत्री आणि फळ्यांनी बंद केलं, रोजच्या पूजेला बाजूचं छोटं दार ठेवलं. आजपासून कौलं उतरवायला सुरुवात.

माणसांची साखळी करून एकेक कौल हातोहात खाली. तीन ढीग: चांगली, कान तुटलेली, फुटलेली. दिवसअखेर मोजणी: एकूण १,६०२, त्यांतली पुन्हा वापरण्याजोगी १,२३०. पूर्ण छपराला साधारण २,१३० लागतात. म्हणजे नऊशेची कमी.

कौलांच्या पाठीवर शिक्के आहेत. चार-पाच कारखान्यांची नावं मिळाली, पण दक्षिण पाख्याच्या वरच्या ओळींत ८६ कौलं बासेल मिशनची निघाली. इथे थोडं थांबून लिहायला हवं, कारण आपल्या देवळाच्या छपराचं वय सांगणारी ही पहिलीच खूण आहे. स्वित्झर्लंडच्या या मिशनने मंगळूरला जेप्पू इथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. तिथून कौलं समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत जात. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनचा व्यापार ताब्यात घेतला आणि पुढे १९१९ मध्ये कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे बासेल मिशनच्या नावाचं कौल साधारण १८६५ ते पहिलं महायुद्ध या काळातलं. ही कौलं घडवली तेव्हा टिळक हयात होते.

८६ च्या ८६ वेगळी ठेवली. ती पुन्हा छपरावरच जाणार, काचेत नाही. त्यांची जागा ठरवून ठेवली आहे: दक्षिण पाखं, आढ्याजवळ, जिथे माकडांची उडी कमी पडते.

९ एप्रिल, बुधवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

रीपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या, काढून झाल्या, वासे मोकळे दिसायला लागले. उतरवण्याआधी प्रत्येक वाशावर आम्ही रंगाने आकडे घातले होते. दक्षिणेचे द-१ ते द-१७, उत्तरेचे उ-१ ते उ-१७, दाराकडून गाभाऱ्याकडे. पहिला वासा आढ्यावरून सुटला तेव्हा मामांनी हात वर केला, सगळे थांबले. वाशाच्या सांध्यात, जिथे तो दुसऱ्या वाशाला आतून भिडतो आणि एरवी कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, पटाशीने मारलेले छेद होते. चार उभे छेद आणि त्यांच्यावर एक तिरका, असे पाच-पाचाचे गठ्ठे, शेवटी दोन सुटे. मोजले. सतरा.

पुढचा वासा. सोळा. त्याच्या पुढचा, पंधरा.

मूळच्या सुतारानेही आकडे घातले होते. त्याने खाली अंगणात सगळी जुळणी करून बघितली असणार, खुणा केल्या आणि मग वर चढवलं. दक्षिणेच्या वाशांवर नुसते छेद, उत्तरेच्या वाशांवर छेदांशेजारी एक छोटी चंद्रकोर. आम्ही वर्षाला लागेल एवढ्या बैठका घेऊन जी पद्धत ठरवली तीच त्याने केलेली. फरक एकच. त्याने मोजणी गाभाऱ्यापासून सुरू केली होती, आम्ही दारापासून. आमचा द-१ म्हणजे त्याचा सतरावा.

मामा म्हणाले, "वहिनी, रंग आणा. आपले आकडे पुसू या. त्याच्या हिशोबाने घालू." चौतीसही आकडे पुन्हा घातले. दुपारचं जेवण चार वाजता झालं आणि कुणी तक्रार केली नाही.

उत्तरेच्या तीन वाशांवर खूण नाही. ते नंतर कधीतरी बदललेले, लाकूडही सागाचं नाही, किंजळाचं. वाशांच्या पाठीवर सध्याच्या रीपांच्या खिळ्यांशेजारी आणखी भोकं आहेत, जवळजवळ अंतरावर, लाकडी खुंट्यांची. मंगलोरी कौलाच्या रीपा साधारण एका फुटाच्या आत-बाहेर अंतरावर लागतात. ही भोकं त्याहून दाट आहेत. म्हणजे वासे कौलांपेक्षा जुने, आणि मंगलोरी कौलांच्या आधी या मंडपावर दुसरं काहीतरी होतं, नळे (अर्धगोल कौलं) किंवा गवत. बासेल मिशनच्या कौलांनी छपराचं वय सांगितलं होतं, लाकडाचं वय आता आणखी मागे गेलं. किती मागे, ते लाकूड बोलत नाही.

२० एप्रिल, रविवार

खांबांचे पाय. तुळयांखाली स्क्रू जॅक आणि सागवानी टेके लावून भार उचलला, प्रत्येक वेळी सुतळीएवढाच. ओळंबा सतत लावलेला. खांबाभोवतीचं काँक्रीट छिन्नीने कापलं. ब्रेकर वापरायचा नाही असं ठरलं होतं, हादऱ्याने तळखडे तडकले असते.

पाचही तळखडे खाली शाबूत निघाले. वर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या. वीस वर्षं सिमेंटखाली होत्या. गुरवकाकांच्या आईने येऊन त्यांवर पाणी घातलं आणि हळदकुंकू वाहिलं. ती सासरी आली तेव्हा रोज या पाकळ्या पुसत असे म्हणाली.

खांबाचा कुजका भाग कापून खाली नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा आहे. सर्वांत मोठा तुकडा अडीच फुटांचा. लोखंडी पट्ट्या नकोत, सांधा लाकडाच्या मेखांनी बसवायचा, असं मामांचं ठाम मत. फरशी कापली तिथे प्रत्येक खांबाभोवती चार इंचांची मोकळी जागा कायम ठेवायची, गोट्यांनी भरून.

४ मे, रविवार

लाकूड मिळालं, आणि ते कसं मिळालं ते लिहिताना बरं वाटत नाही. मधल्या वाडीतलं चौसोपी घर गेल्या महिन्यात पाडलं. मालक परगावी, चार भावांत वाटणी. ते वाचवावं म्हणून आमच्या गटाने दोन वर्षं पत्रं लिहिली होती, उपयोग झाला नाही. त्याच घराच्या तुळया आणि खांब मालकांनी देवळाला दिले, पैसे न घेता. त्याच घराची सहाशे कौलंही. उरलेली तीनशे इतर सहा घरांतून जमली.

त्या घराच्या माजघरातल्या तुळईला पाळण्याची कडी होती. ती कडी काढली नाही. तुकडा जिथे लागेल तिथे कडीसकट लागेल.

सुट्टीला आलेल्या मुलींनी एका खांबाचा ऑइलपेंट काढायला घेतला. गरम हवेचा झोत आणि बोथट पत्री, कॉस्टिक सोडा नाही. हिरवा, मग पिवळा, मग तपकिरी, मग दोन थर निळे, आणि त्याखाली वेलबुट्टी, इतकी बारीक की रंगाने बुजून गेलेली. एका खांबाला चौघींना पाच दिवस. बाकीचे अकरा पुढच्या वर्षांवर.

वाशांच्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल दिलं, होडीला देतात तसं. वाळवी दूर राहते. एका मुलाने हातमोजे न घालता हात लावला, मनगटापर्यंत उतला. खोबरेल लावून घरी पाठवला. यापुढे हातमोज्यांशिवाय कुणी डब्याजवळ जायचं नाही.

१८ मे, रविवार

खांब उभे. तुळया, आढं, वासे आपापल्या छेदांच्या आकड्यांनी जागेवर. उत्तरेच्या सात वाशांना नवी टोकं जोडली. दक्षिण पाखं कौलांनी पूर्ण, बासेल मिशनची ८६ वर ठरल्या जागी. उत्तरेला रीपा लागल्या, कौलं अर्धी. जोत्याचा सिमेंटचा गिलावा दोन बाजूंनी काढला, चुन्याचं काम पुढच्या आठवड्यात सुरू. मृगाला अजून वीस दिवस. हिशोबात आहोत.

२० मे, मंगळवार

हिशोब चुकला. संध्याकाळी पाचला दक्षिणेकडून काळोख आला आणि तासभर कोसळला. वळवाची सर म्हणून आम्ही थांबलो. थांबला नाही.

२१ मे, बुधवार

रात्रभर. कोकण किनाऱ्याजवळ समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र होतंय असं हवामान खात्याचं म्हणणं. उत्तर पाख्याला साडेचारशे कौलं बाकी आणि ओल्या रीपांवर माणूस चढवायचा नाही असं मामांनी सांगितलं. ताडपत्री घातली, वाऱ्याने सकाळपर्यंत कोपरा फाडला.

दुपारी हर्णैहून सात खलाशी आले. बोटी किनाऱ्याला लागलेल्या होत्या. कुणी निरोप दिला ते अजून कळलं नाही. त्यांच्याकडे बोटीवरच्या जाड ताडपत्र्या आणि नायलॉनचे दोर. आम्ही ताडपत्री वाशांना बांधत होतो. त्यांनी दोर आढ्यावरून टाकून दोन्ही बाजूंनी खाली चिऱ्यांच्या ओझ्याला बांधले, म्हणजे वारा आला की दोर सरकतो, ताडपत्री फाटत नाही. दीड तासात झालं. चहा घेतला आणि गेले.

२४ मे, शनिवार

दुपारी बाराच्या सुमारास तो कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या मधूनच किनारा ओलांडून आत गेला. सकाळपासून आम्ही नऊ जण मंडपातच होतो. ताडपत्री फुगायची, दोर आढ्यावर करकरायचे, पुन्हा बसायची. खांबांच्या सांध्यांवर मामांचा हात होता सबंध वेळ. सांधा हलला तर डोळ्यांआधी हाताला कळतो म्हणाले. हलला नाही. आत पाणी दोन ठिकाणी आलं, दोन्ही ताडपत्रीच्या शिवणीखाली.

३१ मे, शनिवार

२६ तारखेला मान्सून मुंबईत पोचला, नोंदी ठेवायला लागल्यापासून एवढा लवकर कधी आला नव्हता. आम्हाला मिळाल्या त्या उघडिपी: २७ ला दोन तास, २९ ला सकाळ, काल अख्खा दिवस. रीपा कोरड्या फडक्याने पुसून कौलं चढवली. काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आढ्यावरचं शेवटचं कौल बसलं. ताडपत्र्या धुऊन हर्णैला पोचवल्या.

चुना राहिला. ओल्या भिंतीवर भर पावसात चुन्याचा गिलावा धरणार नाही, वाहून जाईल. दोन तरुण गवंडी तरीही करून बघू म्हणत होते. म्हाताऱ्या गवंड्यांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "नोव्हेंबर." उघड्या जोत्याला झावळ्यांचा आडोसा केला आहे.

खर्च १० लाख ८४ हजार, चुन्याचं काम धरून १२ च्या आत बसेल. हिशोबाची प्रत मुंबईला पाठवली.

१३ जुलै, रविवार

परवा, ११ तारखेला, मराठा लष्करी भूदृश्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. बारा किल्ले, त्यांत आपल्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. आज सकाळी पाऊस थांबला तेव्हा गटातले सगळे सड्यावर गेलो. धुक्यातून सुवर्णदुर्गाची काळी रेघ दिसत होती. शाळेतल्या मुलाने विचारलं, आता आपलं देऊळ पण यादीत घेतील का? त्याला सांगितलं, किल्ल्यासाठी दिल्ली-मुंबईची खाती आहेत, आपलं देऊळ कुठल्याच यादीत नाही, त्याची यादी आपल्याकडेच आहे. मग त्याला ही वही दाखवली, वासे आणि छेदांचं पान उघडून.

दुपारी गळतीची पाहणी, बॅटरी घेऊन आतून. ५४ दिवसांच्या पावसानंतर गळती एकाच जागी: उत्तर पाखं, आढ्यापासून तिसरी ओळ, नवव्या वाशाच्या डावीकडे. माकडाने सरकवलेलं कौल. वर चढला तो वरच्या वाडीतल्या आजोबांचा नातू, पुण्याहून चार दिवसांसाठी आलेला. आजोबा खाली छत्री धरून उभे होते आणि कुठे पाय ठेवायचा ते सांगत होते.

नोव्हेंबरपर्यंतची कामं: चुन्याच्या खड्ड्यावर नेहमी चार बोटं पाणी हवं, दर रविवारी बघायचं, पाळी आमच्या घराची. गेलेल्या हस्ताचा नमुना अडगळीतल्या जोडीवरून कागदावर उतरवायचा. गोड्या पाण्याची वाळू दोन ब्रास, दिवाळीआधी.

आज पाणी दोन बोटं होतं. वर दोन बादल्या घातल्या.